कोंबडी अंडं देईना म्हणून लगेच विकू नका

(वडवणी इथल्या बैठकीत दुपारच्या जेवणानंतर आम्ही बायांपुढं जे बोललो ते इथं लिहून काढलं आहे. रानगावच्या सोबत्यांनी 'आमच्याकडेही पाठवा' म्हणून निरोप दिला होता.)



सकाळपासून सातबारा, पंचनामा, तारीख यावरच बोलणं चाललं होतं. आता कोंबडीवर बोलायचं म्हटल्यावर मागं बसलेली पोरं हसली. हसू द्या. पण दर तारखेला वस्तीवरून इथवर यायचं गाडीभाडं कुठून येतं, ते त्यांनी आपापल्या आयांना विचारावं. मालकाच्या मजुरीतून येत नाही. ती मजुरी दुकानदाराच्या वहीत आधीच जमा झालेली असते. बाई टोपलीत भुसा घालून, त्यात अंडी खोवून आठवडी बाजाराला येते आणि ती विकून जे हातात पडतं त्यातून नकलेचे पैसे भरते, अर्जाचं तिकीट लावते. गावरान अंड्याला पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, तेवढाच आपल्याला आधार.

रानगावच्या सोबत्यांना आमच्याकडची गोष्ट थोडी सांगावी लागेल. तुमच्याकडं जमीन वनखात्याची आणि २००६ पर्यंत तारीख २५ ऑक्टोबर १९८० ची होती. आमच्या बीड जिल्ह्यात जंगल थोडं आणि गायरान जास्त. बालाघाटच्या उतारावर दगड वेचून, बांध घालून पारधी, भिल्ल, मांग, महार माणसांनी गायरान वहितीला आणलं. त्यासाठी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे आणि त्यातली आपली तारीख १४ एप्रिल १९९०. तुम्ही दंडाच्या पावत्या जपून ठेवता, तसं आम्ही गाव नमुना १-ई च्या नकला जपतो. खात्याचं नाव वेगळं, बाकी सगळं तेच. जमिनीवर माणूस दिसला पाहिजे, पीक दिसलं पाहिजे, चूल दिसली पाहिजे.

आणि इथंच आमची अडचण होते. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली की पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात. वस्तीवर म्हातारी माणसं, शेळ्या, कोंबड्या. रब्बीची पाहणी करायला कुणी आलं तर रान ओसाड दिसतं. म्हणून दरवर्षी आमच्या संघटनेत हाच प्रश्न निघतो की कोण जाणार आणि कोण राहणार. ज्या घरात मीठमिरचीपुरता रोकडा पैसा येत राहतो तिथली बाई राहू शकते. तो पैसा यायचा एक रस्ता म्हणजे कोंबडी. ऐन थंडीत कोंबडी अंडं देईनाशी झाली की हा रस्ता बंद होतो आणि बाई दुसऱ्या खेपेच्या गाडीत बसते.

गेल्या मार्गशीर्षात असंच झालं. आमच्यातली एक बाई (तिनं नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय, ती इथंच बसली आहे आणि पदर तोंडाला लावून हसते आहे), तिच्या नऊ कोंबड्यांनी पंधरा दिवसांत मिळून दोन अंडी दिली. मालक म्हणाला, विकून टाक, बाजारात जे येईल ते घे, मुकादम अजून दोन कोयते बघतोय. सासू म्हणाली, कुणाची तरी नजर लागली, मरीआईला एक कापा. तिनं आम्हांला निरोप धाडला. आम्ही दोघी संध्याकाळी गेलो, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर. कोंबडी बघायची तर अंधार पडल्यावरच बघावी, तेव्हा ती धरायला पळावं लागत नाही.

एकेक कोंबडी बाहेर काढली आणि हातात घेतली. हे आम्हांला आमच्या पारधी आज्यांनी शिकवलंय. तितर, लाव्हे फाशात धरणारी ती माणसं. १९७२ च्या कायद्यानं तो धंदा बंद झाला, पण पाखरू हातात कसं धरायचं, छाती चाचपून ते भरलंय की वाळलंय हे कसं ओळखायचं, ते हातातून गेलं नाही. कोंबडी डाव्या हातावर उलटी नाही, सुलटी ठेवायची, पाय बोटांत, डोकं आपल्या काखेकडं. मग उजव्या हातानं शेपटीखाली बघायचं. अंड्याच्या वाटेच्या दोन बाजूंना दोन बारीक टोकदार हाडं लागतात. त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं आडवी बसली, वाट ओलसर आणि रुंद असली, तुरा लालभडक असला, तर ती कोंबडी अंड्यावर आहे. तुम्हांला अंडं दिसत नसेल, पण ती देते आहे. एक बोट कसंबसं बसलं, वाट आखडलेली, कोरडी, तुरा फिका, तर तिचं अंडं बंद आहे. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

त्या नऊमधल्या दोघींना तीन-तीन बोटं बसली. मग अंडी जातात कुठं? सकाळी खुराडं उशिरा उघडलं, नऊ-साडेनऊला, आणि त्या दोघींच्या मागं पोरगं सोडलं. दोघी सरळ कडब्याच्या गंजीमागं गेल्या. तिथं चौदा अंडी निघाली. मालक खाली मान घालून उभा राहिला. खुराड्यातली जागा ओली, उघडी किंवा वर्दळीची असली की कोंबडी आडोसा शोधते. घरातल्या एका कोपऱ्यात फुटकं डालगं ठेवा, वाळलेलं गवत घाला, त्यात एक अंडं किंवा अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवा. ती तिथं येऊ लागते. सापडलेली अंडी पाण्यात घालून बघा. तळाशी आडवं पडलं ते ताजं, उभं राहिलं ते जुनं, वर तरंगलं ते फेकायचं. बाजारात एक नासकं गेलं तर पुढच्या बाजारी तुमची टोपली कोणी उघडून बघत नाही.

तिघींची मानेवरची, पाठीवरची पिसं झडून नवी सुयांसारखी पिसं येत होती. पीसझड हा रोग नाही. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसं टाकते, नवी घेते आणि तेवढे दिवस अंडं थांबवते, कारण पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं. दोन्ही कामं एकदम तिला झेपत नाहीत. दोन-अडीच महिने लागतात. त्या काळात नुसत्या ज्वारीच्या कण्या टाकल्या तर आणखी लांबतं. आळ्या, किडे, वाळवी, थोडी शेंगदाण्याची पेंड मिळाली तर लवकर आवरतं. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर मात्र घालू नका, त्या बुरशीचं विष कोंबडीच्या काळजाला लागतं.

वाळवीचं तुम्हां रानगावच्या बायांना आम्ही काय सांगावं, तुमच्याकडं वारुळांना तोटा नाही. तरी नव्या पोरींसाठी सांगतो. जुन्या मडक्यात थोडं शेण, वाळलेलं गवत, ओल्या गोणपाटाचा तुकडा भरायचा, पाण्याचा हबका मारायचा, आणि तिन्हीसांजेला वाळवीच्या भोकावर मडकं पालथं घालायचं. सकाळी उचललं की वाळवीनं भरलेलं असतं. पिलांपुढं आधी ओता, मग मोठ्या कोंबड्यांपुढं. फुकटचं खाद्य, आणि याच्याइतकं चांगलं खाद्य दुकानात मिळत नाही.

पेंडीवरून आठवलं. आमच्याकडं कापूस, म्हणून घरोघर सरकीची पेंड. शेळ्यांपुढची पेंड कोंबड्या टोचतात. एका बाईची अंडी दुकानदारानं परत केली, फोडल्यावर बलक हिरवट-तपकिरी निघाला म्हणून. तिला वाटलं करणी झाली. सरकीत एक द्रव्य असतं, त्यानं बलकाचा रंग तसा होतो. अंडी ठेवून दिली की रंग जास्तच चढतो. सरकी शेळीला घाला, कोंबडीपासून लांब ठेवा, थोड्या दिवसांत अंडं पहिल्यासारखं येतं.

राहिलेल्या चारमधली एक तलंग होती, अजून अंड्यावर यायचीच होती. गावरान तलंग सहा-सात महिन्यांनी पहिलं अंडं देते, तिच्याकडून आधीच हिशोब मागू नये. एक म्हातारी होती, चार वर्षांच्या पुढची. तिच्याबद्दल आम्ही मालकाचं ऐकलं, ती बाजारात गेली. सासूबाईंनी मरीआईला नारळ दिला. देवीनं तक्रार केली नाही.

एक खुडूक होती. डालग्यात बसून राहायची, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरायची. गावरान कोंबडीचं असंच असतं. बारा-पंधरा अंडी देते आणि बसते. म्हणून वर्षाला पन्नास-साठच्या घरात अंडी मिळतात. सरकारी योजनेतल्या गिरिराज कोंबड्या जास्त अंडी देतात आणि सहसा खुडूक होत नाहीत, पण मग पिलं काढायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. आम्ही तरी म्हणू, घरात खुडूक होणारी गावरान असलीच पाहिजे. तिला पिलं काढायची असतील तर दहा-बारा अंड्यांवर रवणाला बसवा, एकवीस दिवस. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून बघा. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवा, सगळं स्वच्छ दिसलं तर ते अंडं खाली आहे, काढून घ्या. शेजारणीची कोंबडीही त्याच सुमारास खुडूक झाली असली तर दोघींना एकाच दिवशी बसवा आणि निघालेली सगळी पिलं एकीच्या पंखाखाली सोडा. दुसरी लवकर अंड्यावर येते. पिलं नको असतील तर तिला गवत न घातलेल्या हवेशीर डाल्यात तीन-चार दिवस ठेवा, पोटाखाली वारा लागला पाहिजे. दाणापाणी मात्र द्या. नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुचकळून ठेवतात, तसलं काही करू नका. त्या जिवाचे हाल होतात आणि जखमेत घाण भरते.

हे झालं आठ कोंबड्यांचं. म्हणजे पंधरा दिवस ज्याला घरात नजर म्हणत होते त्यात आजार कुठंच नव्हता. थंडीचीही भर होती. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडं दिवस अकरा तासांचा होतो, ज्येष्ठात तो सव्वातेरा तासांचा असतो. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. दिवस लहान झाला की तिच्या अंगातलं काम मंदावतं. पोल्ट्रीवाले दिवे लावून तिला सोळा तासांचा दिवस दाखवतात. आपल्या वस्तीवर माणसांनाच वीज नाही, तिथं कोंबडीला कुठून देणार. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागतो तसं अंडं येऊ लागतं. एवढं ठाऊक असलेली बाई पौषात कोंबडी विकणार नाही. पौषात स्वस्तात विकत घेणारा व्यापारी हे आपल्यापेक्षा चांगलं ओळखून असतो.

आता नववी. काळी. घरातली सगळ्यात चांगली कोंबडी, आणि खरी अडचणीत तीच होती.

ती खुराड्यात गेलीच नव्हती. भिंतीला लागून उभी होती, शेपूट खाली, पाय फाकलेले, डोळे अर्धे मिटलेले. मधूनच अंग आवळून जोर करायची, काही यायचं नाही. दिवसभर दाण्याला शिवली नव्हती. हात लावला तर वाटेच्या वरच्या बाजूला पोटात दगडासारखं टणक लागलं. अंडं अडकलं होतं.

बायांनो, आपण सगळ्या बाळंतपणातून गेलेल्या आहोत, त्यामुळं हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही. पण घाई कुठं होते ते सांगायला हवं. शेजारची एक म्हणाली, बोट घालून ओढून काढू. दुसरी म्हणाली, पोट दाबू. दोन्ही करायचं नाही. अंडं आत फुटलं तर कवचाच्या कडा आतून कापतात, घाण होते आणि कोंबडी मरते.

आम्ही घमेल्यात कोमट पाणी घेतलं, लेकराला आंघोळ घालतो तेवढं गरम, कोपर बुडवून बघितलं. काळीला पोटापर्यंत त्यात बसवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आधी फडफडली, मग गरमीनं शांत झाली. पंधरा-वीस मिनिटं. पाणी निवलं तसं त्यात गरम घालत राहिलो. मग जुन्या लुगड्याच्या फडक्यानं कोरडी केली, वाटेला बाहेरून खोबरेल लावलं, चुलीजवळ डालं टाकून त्याखाली ठेवली. अंधार, ऊब आणि शांतता. पोरांना लांब हाकललं. दीड-दोन तासांनी पुन्हा तसंच पाण्यात बसवली. रात्री तिला थोडं पाणी पाजलं, चोचीच्या कडेला थेंब थेंब. घशात ओतायचं नाही, पाणी छातीत जातं.

आम्ही तिथंच आडव्या झालो. ती बाई काही झोपली नाही. कोंबडीजवळ बसून सांगत होती की मुकादमानं उचलीचा आकडा किती सांगितला, आणि मागच्या वर्षी फडात असताना रानाची पाहणी झाली तेव्हा शेजारच्या गावच्या माणसानं 'ही जमीन पडीकच असते' म्हणून कसं सांगितलं. आम्ही ऐकत होतो. तांबडं फुटायच्या आधी काळीनं एकदम आवाज केला आणि अंडं पडलं. कवच इतकं पातळ की पडल्या पडल्या फुटलं.

त्या पातळ कवचातच कारण होतं. एक अंडं तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो आणि त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढवण्यात जातात. कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. दाण्यातून तेवढं मिळत नाही, मग ती आपल्या हाडांतून काढते. हाडं रिती झाली की कवच पातळ पडतं, कधी नुसत्या कातडीचं अंडं येतं, आणि अंडं बाहेर ढकलायला लागणारा जोरही कमी होतो, कारण त्यालाही तेच कॅल्शियम लागतं. काळी सगळ्यात जास्त अंडी द्यायची, म्हणून सगळ्यात आधी तीच रिती झाली.

औषध आपल्या उकिरड्यावर पडलेलं असतं. अंड्याची टरफलं धुऊन, तव्यावर भाजून, पाट्यावर बारीक वाटायची. तुकडे ठेवायचे नाहीत, नाहीतर कोंबडीला आपलंच अंडं फोडून खायची चटक लागते. नदीकाठी शिंपले मिळाले तर तेही कुटून. ही पूड एका करवंटीत वेगळी ठेवा, जिला पाहिजे ती खाईल. कोंबडा आणि तलंगा तिकडं फारशा जात नाहीत. जनावरांच्या दवाखान्यात कॅल्शियमचं पातळ औषध मिळतं, डॉक्टर सांगतील तेवढं पाण्यातून द्या. पानाचा चुना मात्र चोचीत कोंबू नका, घसा भाजतो. जोडीला शेवग्याचा पाला, घोळ, मेथीच्या काड्या, जे हिरवं असेल ते. आणि ऊन. खुराड्यात कोंडून ठेवलेल्या कोंबडीला चुना खाऊनही लागत नाही, अंगाला ऊन लागलं तरच तो हाडात जातो.

काही वेळा अंड्याबरोबर आतलं लाल मांस बाहेर येतं. गाईचं अंग बाहेर येतं तसंच. ती कोंबडी ताबडतोब वेगळी काढा. बाकीच्या कोंबड्या लाल दिसेल तिथं टोचतात आणि तासाभरात जीव घेतात. स्वच्छ कोमट पाण्यानं धुवा, तेलाच्या बोटानं हळूच आत सारा, अंधारात ठेवा, दोन दिवस दाणा कमी करा म्हणजे अंडं येणार नाही. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर ती कोंबडी टिकत नाही. तसंच अडकलेलं अंडं एका दिवसात निघालं नाही आणि दवाखाना लांब असेल, तर तिला तडफडत ठेवू नका. औषध दिलेलं नसेल तर कापली तरी चालेल. आम्ही जीव वाचवायचं सांगतो, पण उपाशी घराला हिशोब असतो तोही आम्हांला कळतो.

खुराड्याचं दोन शब्दांत. त्या रात्री बॅटरी लावून भिंतीच्या भेगा बघितल्या तर गोचीड भरलेले. हे गोचीड दिवसा दिसत नाहीत. भेगांत लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत जातात. कोंबडीचा तुरा पांढरट पडतो, अंडं कमी होतं आणि आपल्याला वाटतं दाणा कमी पडला. भेगा शेणमातीनं लिंपून वर चुन्याचा हात द्या, लाकडी दांड्या उकळत्या पाण्यानं भाजून काढा. अंगणात एका खड्ड्यात राख आणि वाळलेल्या कडुलिंबाचा चुरा घाला, कोंबड्या त्यात लोळतात, उवा कमी होतात. उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पुन्हा येऊ, पण एवढं आताच ध्यानात ठेवा. अंड्यात दोन तृतीयांश पाणी असतं. चैत्र-वैशाखात एक दिवस गाडगं कोरडं राहिलं तर पुढं कित्येक दिवस अंडं मिळत नाही. टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर हे सांगताना आम्हांला लाज वाटते, पण भांडी धुतलेलं राखेचं पाणी पाजण्यापेक्षा एक तांब्या चांगलं पाणी सावलीत ठेवा.

एका आजीनं मघाशी विचारलं, अंडी बंद झाली आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर? आजी, ती मानमोडी. तिथं आमचं घमेलं, खोबरेल काही चालत नाही. हिरवी-पांढरी शीट, घरघर, मान पिळवटणं, पाय ओढणं. इंग्रजांच्या काळात, १९२७ च्या सुमारास, कुमाऊंच्या डोंगरात राणीखेतला ही साथ दिसली म्हणून डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. यातून एखादी वाचली तरी तिची अंडी वेडीवाकडी, पातळ कवचाची येतात. साथ आली की आपण काय करतो? उरलेल्या कोंबड्या घाईघाईनं बाजारात नेतो, पाव्हण्याला एक देतो, मेलेल्या ओढ्यात टाकतो. म्हणजे साथ आपल्याच पायांनी चार वस्त्यांवर पोचवतो. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका, आणि महिनाभर नवी कोंबडी आणू नका, कुणाला देऊ नका.

लागण झाल्यावर औषध नाही, आधी लस आहे. पिलू आठवड्याचं झालं की डोळ्यात किंवा नाकात थेंब, दोन महिन्यांच्या आसपास कातडीखाली सुई. सुईनं अंड्यावरच्या कोंबडीचं अंडं काही दिवस थांबतं, म्हणून ती अंड्यावर यायच्या आधी द्यायची. लस बर्फात आणावी लागते आणि पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एका बाटलीत साधारण शंभर कोंबड्यांचं औषध असतं. एकट्या बाईनं पाच कोंबड्या घेऊन गेलं तर बाटली फोडत नाहीत, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणून वस्तीची मिळून यादी करायची. रानगावच्या बायांनो, तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, पूर्वी गार्ड आला की घरातल्या कोंबड्या मोजायचा, कारण त्यातली एक त्याची असायची. त्यामुळं कोंबड्या किती हे कुणाला सांगायचं नाही ही सवय आपल्या हाडात आहे. ही यादी आपली आपल्यासाठी आहे. ती कचेरीत जाणार नाही, संघटनेच्या वहीत राहील.

त्या बाईचं पुढं काय झालं असं कुणीतरी विचारलं. ती गेली नाही. मालक एकटाच अर्ध्या कोयत्यानं गेला. संक्रांतीनंतर तिची पाच कोंबडी अंड्यावर आली आणि काळीनंही महिन्यानं पहिलं टणक अंडं दिलं. माघात पाहणी झाली तेव्हा ती करडईच्या रानात उभी होती, पंचनाम्यावर तिचा अंगठा आहे. जमीन अजून नावावर झाली नाही, तारीख चालूच आहे. काळीला होळीच्या आसपास मुंगसानं नेलं. पण तिच्या अंड्यांवर बसवलेली सात पिलं आहेत, त्यातल्या दोन तलंगा काळ्याच निघाल्या.

आता कामाचं. लसीची यादी आज संध्याकाळी निघायच्या आधी द्या. वस्तीचं नाव, मोठ्या कोंबड्या किती, दोन महिन्यांची पिलं किती, आठवड्याच्या आतली किती. आजारी कोंबडीला लस देत नाहीत, तिची वेगळी खूण करा. पिलांना पोटातल्या जंतांचं औषध लसीच्या आठ दिवस आधी पाजायचं आहे, ते आमच्याकडून घेऊन जा. बर्फाचा डबा आम्ही आणतो, तुम्ही त्या दिवशी कोंबड्या सकाळी सोडू नका, डालग्याखालीच ठेवा. उजाडता येऊ, म्हणजे ऊन चढायच्या आत दोन वस्त्या होतील.